विद्यार्थी ‘क’ची प्रगती

२ मार्च

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, हिलाही नाही. हेतू निव्वळ शास्त्रीय. शुक्रवारी ऑफिसात जे झालं त्याची एक तरी निःपक्षपाती नोंद कुठेतरी असावी. बाकी सगळ्यांच्या नोंदी पक्षपाती आहेत, कारण त्या सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय.

घटना अशी. आमची कंपनी शाळांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर बनवते. मूल कॉम्प्युटरवर गणितं सोडवतं, आणि सॉफ्टवेअर ओळखतं की त्याला काय येतं आणि काय येत नाही. हे ओळखायला आधी कुणालातरी ज्ञानाचे तुकडे पाडून द्यावे लागतात. एक तुकडा म्हणजे एक ज्ञानघटक. तो डोक्यात बसला की त्या जातीची सगळी गणितं सुटायला लागतात. हे तुकडे पाडणारा मी. यातच केस पिकले.

हातच्याची वजाबाकी हा माझ्या मते एक घटक. आमच्याकडे आकडेवारी बघणारा एक आहे, सगळे त्याला ग्राफवाला म्हणतात. पडेल चेहऱ्याचा माणूस, हसला तरी सांत्वनाला आल्यासारखा वाटतो. तो मीटिंगमध्ये म्हणाला, एक नाही, दोन आहेत. बेचाळीस वजा सतरा मुलांना जमतं, चारशे दोन वजा सतरा जमत नाही, कारण शून्यातून हातचा घेणं ही वेगळीच भानगड आहे. सराव वाढला की चुकांची रेष खाली उतरायला हवी. तुमच्या घटकाची उतरत नाही. आडवी पडलीय.

आणि हसला. हसला नसेलही. पण दात दिसले.

त्या वेळी माझ्या हातात कागदांना भोकं पाडायचं मशीन होतं. मोठं, लोखंडी. ते सुटलं. सगळे म्हणतात फेकलं. फेकण्यात नेम धरलेला असतो. मी दाराकडे बघत होतो.

भुवईला चार टाके.

डायरेक्टर बाईंनी बोलावून सांगितलं की राग आवरायचा वर्ग असतो, तो पूर्ण करा, सर्टिफिकेट आणा, मग कामावर या. तोवर बिनपगारी. ग्राफवाला पोलिसांत गेला नाही. ही त्याच्या घरी जाऊन हातापाया पडून आली म्हणून, असं ही म्हणते. मला वाटतं, त्याला स्वतःची चूक कळली असावी.

निश्चय: वर्गात पहिला येणे.

५ मार्च

वर्ग चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या. अनुभवी लोक दिसतात.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. चणीने लहान, आवाज झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसा. आम्ही सहा-सात जण. माझ्या शेजारी फुटबॉलचा पंच. त्याने भर सामन्यात कॉर्नरचा झेंडा उपटून गोलकीपरला बडवलं होतं. झेंडा मोडेपर्यंत. उगाच नाही इथे आला.

ताईंनी सांगितलं, राग आला की ओळखा, थांबा, श्वास घ्या. संपलं! एवढाच अभ्यासक्रम. मी हात वर करून विचारलं, राग आवरणे हा एक घटक आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? चाचणी घेतली? रेष काढली? ताई म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, आता डोळे मिटा.

मिटले. आत ग्राफवाला दिसला. उघडले.

या वर्गाला माझी गरज आहे.

६ मार्च

सकाळपासून काम. राग आवरण्याचे चार घटक पाडले: ओळखणे, थांबणे, मूठ सोडणे, बोलणे. विद्यार्थ्याचं नाव गुप्त ठेवायची पद्धत असते, म्हणून तक्त्यात स्वतःला ‘क’ म्हटलं आहे. प्रत्येक वेळी राग आला की ती सरावाची एक संधी. आवरला तर बरोबर, नाही आवरला तर चूक. काही दिवसांत रेष धडाधड खाली यायला हवी.

हिला तक्ता समजावून सांगितला. ही हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे अडकलेले खांदे, गुडघे चालते करते, त्यामुळे तिला शास्त्राचं थोडंफार कळतं. म्हणाली, छान आहे, पण त्याला फोन करून सॉरी म्हणा ना. म्हटलं, तो घटक यात नाही.

९ मार्च

गेटसमोर स्कूटर. नेहमीचीच. ‘इथे वाहन लावू नये’ या पाटीला टेकून लावलेली.

राग ओळखला. बरोबर. थांबलो. बरोबर. मूठ सोडली. तीही बरोबर. मग लाथ घातली.

पाय हा माझ्या तक्त्यात नव्हताच. चूक तक्त्याची.

स्कूटर शेजारच्या स्कूटरवर पडली, ती पुढच्या मोटरसायकलवर, आणि अशी ती रांग भिंतीपर्यंत एकामागून एक आडवी झाली. शेवटच्या गाडीवर एक गृहस्थ बसले होते, फोनवर बोलत. त्यांचं कोपर सोललं. ते धावत आले तेव्हा मी पळालो नाही, कारण पहिली स्कूटर त्या धक्क्याने परत उलट्या बाजूला कलंडून माझ्याच पावलावर पडली होती. अंगठा गेला. त्यांनी मला दोन ठेवून दिल्या. मी अडकलेला असताना. याला म्हणतात भ्याडपणा.

हिने अंगठा बांधला. बांधताना काही बोलली नाही. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

१० मार्च

रात्रभर अंगठा ठणकला, पण डोकं चाललं.

आमच्या धंद्यात दोन पंथ: जोडणारे आणि तोडणारे. जोडणारा चार गोष्टी एका घटकात घालतो, तोडणारा एकाचे चार करतो. मी जन्माचा जोडणारा. पण शास्त्रात मत बदलायला छाती लागते. रेष उतरत नसेल तर विद्यार्थ्याचा दोष नसतो, घटक चुकीचा कापलेला असतो. हे पहिलं तत्त्व. ‘क’ने कालपर्यंत स्कूटरवर राग आवरायचा कधी सराव केला होता का? नाही. मग ती चूक कशी? पहिला प्रयत्न कुणाचाही चुकतो. पोहायला शिकणारा पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी घेतोच.

नवीन घटक: राग, वाहनावर, चालक नसताना, पायाने. प्रयत्न पहिला. पुढच्या वेळी बघा.

१७ मार्च

मेहुणा जेवायला. हिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. स्वतः लिफ्टमध्ये शिरला की दोघांना बाहेर यावं लागतं, एवढा देह.

मी सूप वाढत असताना म्हणाला, भाऊजी, कुणी चिडवलं की गप्प बसायचं, एवढ्यासाठी क्लास कशाला? मी शांतपणे घटक समजावले. तोंडात घास घेऊन ऐकलं त्याने. मग म्हणाला, “मग आत्ता तुमच्यातला नेमका कुठला घटक जेवतोय?”

आणि ही हसली. मेहुणा हसला त्याचं काही नाही.

पळी माझ्या हातात होती. पळीत सूप होतं. सूप गरम होतं. या तीन गोष्टींपैकी एकही मी ठरवलेली नव्हती. मेहुणा ओरडत उठला, टेबल उठलं, टेबलावरचं सगळं उठलं. मी त्याच्या कानाखाली पळीचा दांडा मारला, त्याने मला कॉलर धरून जमिनीवर घातलं आणि वर बसला. नुसता बसला. बसणे ही हिंसा धरायची का, यावर अजून पुरेसं काम झालेलं नाही. पण माझी बरगडी चिरली.

लढत बरोबरीत.

हिने आधी काचेची भांडी उचलली, मग भावाच्या मानेला थंड पाणी लावलं, मग मला. क्रम लक्षात ठेवला आहे. चिडून नव्हे, नोंद म्हणून.

घटक: राग, नातेवाइकावर, बसून, गरम पदार्थासह. पहिला प्रयत्न.

१९ मार्च

वर्ग. ताईंनी नाटक करायला सांगितलं. पंच झाला ग्राफवाला, मी झालो मी. पंचाने एवढंच म्हणायचं की तुमची रेष आडवी आहे. त्यावर मी श्वास घेऊन म्हणायचं, मला हे ऐकून वाईट वाटतं.

पंच म्हणाला. फाउल दिल्यासारखं म्हणाला, पण मी श्वास घेतला. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. ताई मान हलवताहेत. मी म्हटलं, मला हे ऐकून वाईट वाटतं. टाळ्या!

तेवढ्यात पंचाने, गरज नसताना, परत एकदा म्हटलं, “आडवीच.”

खुर्ची उचलायला गेलो, ती स्क्रूने बसवलेली. म्हणून बूट काढला. बूट त्याच्या तोंडावर बसला, समोरचा अर्धा दात गेला. त्याने माझ्या नाकावर डोकं मारलं. नळ सुटावा तसं रक्त. मग पंचाने खिशातून शिट्टी काढून जोरात वाजवली, लाल कार्ड काढलं, मला दाखवलं, मग स्वतःला दाखवलं, आणि हॉलच्या बाहेर निघून गेला. जिन्यात बसून राहिला. लाल कार्ड मिळाल्यावर मैदानात थांबता येत नाही म्हणे.

वर्ग संपल्यावर मी खाली उतरताना तो तिथेच. रडत होता. म्हणाला, मी आज त्या गोलकीपरच्या घरी जाणार आहे, त्याला तोंड दाखवायला. माझीही माफी मागितली. अर्धा दात हातात घेऊन.

कीव आली. बराच मागे आहे तो. अजून एकच घटक धरून बसलाय.

घटक: राग, नाटकात, अभिनेत्यावर, पादत्राणाने.

२१ मार्च

नाक सुजलेलं. बरगडी. अंगठा. तरी मन प्रसन्न. घटक वाढताहेत, म्हणजे समज वाढतेय.

२४ मार्च

डाव्या हाताने लिहितोय म्हणून थोडक्यात.

पंचाने गोलकीपरच्या घरी जाऊन माफी मागितली, त्या दोघांनी चहा घेतला, असं मीच हिला कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, मग तुम्हीही जा ना. मी येते सोबत. मी म्हटलं, विषय बदल. ती म्हणाली, विषय हाच आहे. न्हाणीघराच्या दारात उभी होती. हळू आवाजात म्हणाली. हळू आवाजात म्हटलेलं जास्त लागतं हे तिला माहीत आहे.

दाराला ठोसा मारला. तिला नाही. तिच्या कानापासून वीतभर लांब. मोजून लांब. यालाच तर मी नियंत्रण म्हणतो. प्लायवुडला आरपार भोक. हात आत अडकला, तो तिनेच हळूहळू वळवून सोडवला. धंद्यातली आहे.

करंगळीमागचं हाड मोडलं. तिच्याच हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे बघून मला नाही, तिला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, दार लागलं.

अगदी बरोबर उत्तर. दारच लागलं.

हिच्यावर मी आजवर हात उगारलेला नाही. हे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं, पण डाव्या हाताने मोठं येत नाही.

२५ मार्च

चहाचा डबा वरच्या फळीवर. घ्यायला हात वर केला. ही ओट्याशी काहीतरी चिरत होती, एकदम खाली वाकली, दोन्ही हात डोक्यावर. सुरी खाली पडली. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, मान अवघडली.

लोकांच्या माना सरळ करते आणि स्वतःच्या मानेकडे लक्ष नाही. म्हटलं, जरा स्वतःला बघत जा.

चहा छान झाला होता.

२८ मार्च

ऐतिहासिक दिवस!

सगळा तक्ता नव्याने मांडला. प्रत्येक घटना हा वेगळा घटक. वाहन, नातेवाईक, अभिनेता, दार, शिवाय मधल्या किरकोळ: दूध उतू जाणे, लिफ्टचं बटण, मोबाइल कंपनीची बाई. प्रत्येक घटकात चूक फक्त एकदा. दुसऱ्यांदा चूक कुठेच नाही! ‘क’ने कोणतीही चूक पुन्हा केलेली नाही. असा विद्यार्थी माझ्या हयातीत पाहिला नाही.

आलेख रंगीत काढून फ्रिजवर लावला. ही बराच वेळ बघत उभी होती. भारावली असावी.

ग्राफवाल्यालाच पाठवायचं ठरवलं. शास्त्रात वैर नसतं. नाव न सांगता. ‘विद्यार्थी क, वय लपवलेलं, वर्तन-शिक्षणाचा तक्ता, आपलं मत कळवावं.’ पहिल्या ओळीत ‘ऑफिसमधले मशीन, सहकारी, भुवई’ असं होतं, ते बदलून ‘जड वस्तू, परिचित, कपाळ’ केलं. त्याला कळायची शक्यता शून्य.

३१ मार्च

उत्तर नाही. दिपून गेला असेल.

२ एप्रिल

वर्गात आज घरच्यांना बोलावलं होतं. पंचाची बायको आली होती, दोघं हसत होती. पंचाचा दात बसवून झालाय. ताईंनी त्याला पुढच्या आठवड्यात सर्टिफिकेट देणार असं जाहीर केलं. टाळ्या. मीही वाजवल्या, प्लास्टरमुळे आवाज आला नाही.

माझी पाळी आल्यावर ताईंनी हिला विचारलं, घरी आता कसं वाटतं? मी हिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोल, लाजू नको. हिने आधी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाली,

“हे घरात आले की यांच्या हाताशी काय काय आहे ते मी आधी बघून घेते.”

पंचाने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. ताईंनी हिच्या हातावर हात ठेवला.

हिची निरीक्षणशक्ती पहिल्यापासून चांगली आहे.

सर्टिफिकेट मला इतक्यात नाही, असं ताई म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुम्हीच आत्ता ऐकलंत. काय ऐकलं? घरी येताना हिला विचारलं, तू असं का बोललीस? ती खिडकीबाहेर बघत होती. मी रस्ताभर प्लास्टर नसलेला हात खिशात ठेवला. मुद्दाम. तिला हाताशी काही दिसू नये म्हणून. याची कुणी नोंद घेणार नाही, म्हणून मी घेतोय.

३ एप्रिल

ग्राफवाल्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

“तक्ता नीट बघितला. प्रत्येक घटकाला एकच प्रयत्न आहे, त्यामुळे दुसरी चूक दिसायला जागाच ठेवलेली नाही. असा तक्ता जे होऊन गेलं ते सगळं सांगतो आणि पुढे काय होईल ते काहीच सांगत नाही. मी सगळे घटक एकात घालून रेष काढली. सोबत जोडली आहे. ती आडवी आहे. वजाबाकीच्या वेळी तुम्ही एक म्हणत होतात आणि मी दोन. इथे मात्र तुमचंच खरं, एकच आहे. पहिली ओळ वाचताना माझी भुवई खाजली. ‘क’ला सांगा, मला त्याचा राग नाही. त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.”

आडवी म्हणे.

आडवी!

निश्चय: उद्या ऑफिसात जाऊन त्याच्याशी अत्यंत शांतपणे, मुद्देसूद चर्चा करणे. मुद्दे काढले आहेत. एकूण सात.

४ एप्रिल

पहिल्या मुद्द्यापर्यंत पोचलो नाही.

वॉचमनने आत सोडलं, त्याला काही माहीत नसावं. ग्राफवाला जागेवर होता. मला बघताच उठला आणि टेबलावरचं ते भोकं पाडायचं मशीन उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर लावला. माणसाचा असा अपमान मी कुठे पाहिला नाही. मी मुद्दे घेऊन आलो होतो!

प्लास्टर हे शस्त्र नाही, उपचार आहे. तरी ते त्याच्या जबड्यावर बसलं. चष्मा उडाला. मी दुसऱ्या हाताने त्याची मान धरली, तो मागे गेला, आम्ही दोघं पाण्याच्या मशीनवर आदळलो, ते त्याच्यासकट खाली आलं आणि वरची बाटली फुटली. त्याची भुवई त्याच जागी उसवली. मी त्याच्या छातीवर बसलो. किती वेळा मारलं ते मला आठवत नाही. नोंद ठेवायची सवय असून आठवत नाही, हे विशेष. प्लास्टर फुटलं तेव्हा थांबलो. डायरेक्टर बाई मला ओढायला धावल्या आणि पाण्यावरून घसरल्या, त्यांचं मनगट गेलं. सगळीकडे पाणी, पाण्यात रक्त, कागद तरंगताहेत.

त्याने एकदाही हात उचलला नाही. पाण्यात उठून बसला. तोंडातून रक्त येत होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, “बसा आता, क.”

सगळ्यांनी ऐकलं.

मी बसलो. का बसलो ते माहीत नाही.

५ एप्रिल

काल संध्याकाळपर्यंत पोलिस चौकीत. या वेळी तक्रार झाली, त्याने नाही, डायरेक्टर बाईंनी केली. नोकरी गेली, हे हवालदारासमोरच सांगितलं. जामिनाला मेहुणा आला. मानेवर अजून सुपाचा डाग आहे. वाटलं, काहीतरी विनोद करेल. केला असता तर बरं झालं असतं.

नवीन घटक लिहायला बसलो: राग, सहकाऱ्यावर. इथे पेन अडलं. सहकाऱ्यावर हा घटक आधीच आहे. पहिली ओळ.

मग लिहिलं: राग, माजी सहकाऱ्यावर. नोकरी मारामारीनंतर गेली, त्यामुळे हे काटेकोर नाही. बघू.

६ एप्रिल

ही गेली. मेहुण्याकडे.

सकाळी बॅग भरली. मेहुण्याला दारात उभं केलं होतं. त्याच्या तिथे उभं राहण्याची काही गरज नव्हती, तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, भाऊजी, मी फक्त उभा आहे.

निघताना ती फ्रिजसमोर थांबली. आलेखावर बोट ठेवून विचारलं, यात मी कुठे आहे? मी म्हटलं, तू नाहीसच. तुझ्यावर मी कधी हात उगारला नाही, म्हणून तू यात नाहीस. अभिमानाने म्हटलं. तिचं बोट ‘दार’ या ओळीवर होतं. म्हणाली, “त्या दिवशी मी दार नव्हते हो. मी दारात होते.”

मला उत्तर सुचलं, पण तोवर लिफ्ट खाली गेली होती. दोघं मावली त्यात.

८ एप्रिल

शांत दिवस. एकही घटना नाही.

९ एप्रिल

वर्गाला गेलो नाही. काय गरज? सलग शांतता. दूध उतू गेलं, नुसता बघत राहिलो. ओटा पुसायला मात्र वेळ लागला, फडकं कुठे असतं ते माहीत नव्हतं.

११ एप्रिल

शांत. आलेखात रेष एकदम खाली, जमिनीला टेकलेली. इतकी सुंदर रेष ग्राफवाल्याने जन्मात काढली नसेल. तो अजून हॉस्पिटलात आहे असं कळलं. हिच्याच हॉस्पिटलात. ही त्याचा जबडा हलवायला शिकवते म्हणे, रोज. व्यावसायिक कर्तव्य. मला काही वाटलं नाही. वाटलं नाही म्हणजे आवरलं. बरोबरची खूण केली.

१२ एप्रिल

तिला फोन केला नाही. आकडे पुरेसे जमू देत. मग एकदमच करावा. पुरावा हातात असला की बोलणं सोपं जातं.

१४ एप्रिल

फोन केला. तिने उचलला. चांगली सुरुवात.

आवाज अगदी खालचा ठेवला. ती म्हणाली, जेवता का वेळेवर? म्हटलं, हो. हात कसा आहे? म्हटलं, बरा आहे, नवीन प्लास्टर घातलंय. मग मी मुख्य बातमी सांगितली: तू गेल्यापासून एकदाही नाही. एकदाही! आदळआपट नाही, आवाज नाही, काही नाही. रेष शून्यावर. तू येऊन बघ, फ्रिजवर लावलीय.

तिच्या मागे कुणाचं तरी ट्रॉली ढकलणं ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, “घरी कुणी आलं होतं का?”

म्हटलं, नाही, कोण येणार.

“बाहेर कुणाला भेटलात?”

नाही.

“मग कळणार कसं हो?” ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं, ते आवाजात ऐकू येत होतं, आणि माझ्याकडे असतं तर ती आली असती असं मला आत्ता वाटतंय.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, सांगा. मी वाट बघते.

फोन हळूच ठेवला. नंतर भिंतीवर आपटला, पण तेव्हा तिकडे ती नव्हती आणि इकडेही कुणी नव्हतं, तेव्हा ही संधी धरायची की नाही हा वादाचा मुद्दा आहे.

स्क्रीन गेली, फोनही बंद पडला. आता तिचा फोन आला तरी मला कळणार नाही.